‘ब्लूजमध्ये सूर हलतातच’ हे उत्तर मला मान्य नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आयरिश ब्लूज गिटारवादक रोरी गॅलाहर यांच्या पहिल्या एकल अल्बमची सदोष रेकॉर्ड परत घेण्याबाबत (दुसरं पत्र)

महोदय/महोदया,

रेकॉर्डवरचा पियानो वरखाली होतो, या माझ्या पहिल्या तक्रारीला तुमच्या प्रतिनिधीने उत्तर दिलं : ‘रेकॉर्डिंग जुनं आहे आणि ब्लूज संगीतात सूर असे हलतातच.’ या उत्तरामुळेच पुन्हा लिहितोय.

ब्लूजमध्ये सूर हलतात हे मला माहीत आहे. त्यासाठीच तर ३,४०० रुपये मोजले. गिटारवाला तार ओढून सूर चढवतो, गाणारा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत येतो. पण पियानोची पट्टी एकदा दाबली की तो सूर वाकवता येत नाही. मी चाळीस वर्षं पेटी वाजवतो. पेटीतून मींड निघत नाही हे पहिल्या महिन्यातल्या विद्यार्थ्यालाही कळतं, आणि पियानोचंही तेच आहे.

पहिल्या बाजूचं चौथं गाणं, ‘वेव्ह मायसेल्फ गुडबाय’, लावून बघा. ‘अ‍ॅटॉमिक रूस्टर’ या बँडचे व्हिन्सेंट क्रेन त्यात पियानो वाजवतात. माझ्या रेकॉर्डवर तो पियानो झोपाळ्यावर बसल्यासारखा वरखाली होतो. घड्याळ समोर ठेवून मोजलं, दर १.८ सेकंदांना एक झोका. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या रेकॉर्डची एक फेरी बरोबर तेवढ्याच वेळात होते. म्हणजे हलतोय तो ब्लूज नव्हे, तुमची तबकडी.

आधी मी दोष स्वतःच्याच टर्नटेबलला दिला. बेल्ट बदलला, नवी सुई आणली (तो खर्च मागत नाही, पण झाला हे लक्षात असू द्या), घरातल्या दुसऱ्या रेकॉर्ड लावून पाहिल्या. त्या सरळ वाजतात. मग सुई धरणाऱ्या आर्मकडे नीट पाहिलं. पहिली बाजू वाजताना तो प्रत्येक फेरीला साधारण दोन मिलिमीटर डावीउजवीकडे डोलतो, म्हणजे खाचांचा मध्य भोकापासून एक मिलिमीटर सरकलाय. बाहेरच्या कडेला हे फारसं कळत नाही. सुई आत जाईल तशी त्रिज्या कमी होते आणि तोच एक मिलिमीटर दुपटीने बोचायला लागतो.

गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूला आर्म स्थिर असतो. तिथेही चौथ्या गाण्यात, ‘आय अ‍ॅम नॉट सरप्राइज्ड’मध्ये, क्रेनच आहेत आणि त्यांचा पियानो सुरात आहे. तेच टर्नटेबल, तीच सुई, तोच वादक. दोन्ही बाजूंचे साचे वेगळे असतात, तेव्हा पहिल्या बाजूचा साचा मध्य चुकवून बसवला गेला असणार. तसं असेल तर त्या खेपेतल्या सगळ्याच रेकॉर्ड अशा असतील. म्हणून ‘दुसरी पाठवतो’ एवढ्याने भागणार नाही.

गॅलाहर यांचं ‘टेस्ट’ हे त्रिकूट १९७०च्या अखेरीस फुटल्यावर त्यांनी १९७१मध्ये हा अल्बम काढला. निर्मिती स्वतःचीच. बास गिटारवर जेरी मॅकअ‍ॅव्हॉय, ड्रम्सवर विल्गर कॅम्पबेल. माणसं एवढी मोजकी की लपायला कुठे जागाच नाही. कॉलेजात असताना मित्राच्या घासलेल्या कॅसेटवर मी तो पहिल्यांदा ऐकला आणि खरं सांगतो, त्या कॅसेटवरचा पियानो तुमच्या नव्या कोऱ्या रेकॉर्डपेक्षा सुरात होता. जुनेपणाचं कारण तर देऊच नका. गॅलाहर यांची १९६१ची स्ट्रॅटोकास्टर गिटार त्यांनी १९६३मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या दुकानातून जुनीच, शंभर पौंडांना घेतली होती. पुढे तिचा बहुतेक रंग उडाला. त्यांनी ती सुरात वाजवली.

‘परतीची सात दिवसांची मुदत संपली’ असंही तुम्ही कळवलंत. ते सात दिवस माझे सुई आणि बेल्टमध्ये गेले. शिवाय सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हे ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांत आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्यातच आहे. पहिल्या पत्राची पोच मला सहाव्या दिवशी मिळाली.

वेगळ्या खेपेतली रेकॉर्ड, पहिली बाजू शेवटपर्यंत वाजवून पाहून मगच पाठवा. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा आणि ही रेकॉर्ड तुमच्या खर्चाने घेऊन जा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. डोलणाऱ्या आर्मचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. आवाज चालू ठेवून बघावा.

आपला,
एक ग्राहक, पुणे
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक पहिल्या पत्रात आहेत)