विभागवार यादीचं पान आता चटकन उघडतं

प्रिय लेकी,

नाव छापायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून वर नाव नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार आहे, कारण तू केलेलं काम वाचकाला दिसत नाही. त्याला फक्त पान उघडलेलं दिसतं.

जुन्या पुण्यात हिंडून लिहिणाऱ्या आमच्या गटाचं संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, हे तुला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत. त्यातलं सर्वांत वापरातलं पान म्हणजे विभागवार यादी. वाडे, हौद आणि पाणी, पेशवाई, देवळं, क्षेत्रभेटी, ज्ञात-अज्ञात पुणेकर असे वीसेक विभाग आणि प्रत्येकाखाली त्यातले लेख. आमचे बरेचसे वाचक साठीच्या पुढचे. ते शोधाच्या चौकटीत काही टाइप करत बसत नाहीत, यादी वाचतात. आणि नेमकं तेच पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगे, होस्टिंगचा, म्हणजे संकेतस्थळ ठेवायच्या भाड्याच्या जागेचा, वरचा प्लॅन घ्या. एकाने तर न मागता कोटेशन पाठवलं.

तू लॅपटॉप उघडायच्या आधी विचारलंस, "काकू, ही यादी कोण वाचतं आणि कशासाठी?" मग क्वेरी मॉनिटर नावाचं प्लगिन बसवून मला दाखवलंस की हे एक पान उघडताना डेटाबेसकडे, म्हणजे लेख साठवलेल्या कोठाराकडे, किती वेळा विचारणा होते. पान आधी विभागांची नावं मागत होतं, मग एकेका विभागासाठी नव्याने लेख मागत होतं. त्यातल्या जवळपास प्रत्येक मागणीमागे आणखी दोन क्वेरी (विचारणा), एक लेखांच्या अवांतर माहितीसाठी, एक त्यांच्या विभाग-टॅगसाठी. "मंडईत कोथिंबिरीसाठी एक खेप, मिरच्यांसाठी दुसरी, लिंबांसाठी तिसरी," असं तू म्हणालीस. वर प्रत्येक लेखाचा अख्खा मजकूर उचलून आणला जात होता. हवं होतं फक्त शीर्षक.

तू डेटाबेसमधली चार टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, जोडून एकच क्वेरी लिहिलीस. लेख एका टेबलात, नावं दुसऱ्यात, ते नाव विभागाचं की टॅगचं हे तिसऱ्यात, आणि कुठला लेख कुठे मोडतो याच्या जोड्या चौथ्यात. आणलंस तेही मोजकंच: लेखाचा क्रमांक, शीर्षक, तारीख आणि पत्त्याचा शेवटचा तुकडा. हा तुकडा कशासाठी, ते कळलं तेव्हा मला फार मजा वाटली. तो नसता तर प्रत्येक शीर्षकाची लिंक तयार करताना वर्डप्रेसने पुन्हा तो लेख मागवला असता आणि वाचवलेल्या खेपा परत सुरू झाल्या असत्या. आमच्या पत्त्यांत लेखाच्या नावाखेरीज काही नसतं म्हणून हे जमलं, साल किंवा विभाग असता तर तोही जोडावा लागला असता, हेही तू लिहून ठेवलंस. 'फक्त प्रकाशित लेख' ही अट काढायची नाही, हे दोनदा लिहिलंस, कारण मसुदे आणि लेखांच्या जुन्या आवृत्त्या त्याच टेबलात पडून असतात. (आमच्यातल्या काहींचे मसुदे जगाने न पाहिलेलेच बरे.) उत्तर विभागवार लावूनच येतं. ओळी वाचत जायच्या आणि विभाग बदलला की नवा मथळा छापायचा. मथळ्याशेजारचा आकडाही मोजावा लागत नाही, तो वर्डप्रेसने विभागाच्या नोंदीत आधीच ठेवलेला असतो.

कात्रजच्या लेखावरून गटात जुनं भांडण होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं गेलं, मग तो लेख 'हौद आणि पाणी'त की 'पेशवाई'त? तू म्हणालीस, जोड्यांच्या टेबलात त्याच्या दोन ओळी असतील तर तो दोन्हीकडे आपोआप येईल, ठरवायचं तुम्ही. आम्ही दोन्हीकडे ठेवला. काळ्या हौदाची माहिती शोधणाऱ्याने सगळी पेशवाई का चाळावी?

आणि माझी अक्षरक्रमाची कटकट. संगणकाने 'क्षेत्रभेटी' नेऊन 'क'मध्ये घातल्या आणि 'ज्ञात-अज्ञात पुणेकर' 'ज'मध्ये, कारण त्याच्या लेखी क्ष म्हणजे क आणि ष, ज्ञ म्हणजे ज आणि ञ. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. दुसरं कोणी असतं तर "काय फरक पडतो" म्हणालं असतं. तू प्रत्येक विभागाला एक क्रमांक दिलास. वर्डप्रेसच्या ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, विभागांना अशी जादा माहिती जोडता येते म्हणे. त्यासाठी क्वेरीत पाचवं टेबल आलं, आणि क्रमांक द्यायचा राहिलेला विभाग यादीतून गळू नये म्हणून ते लेफ्ट जॉइनने जोडलंस, म्हणजे जोडी नसली तरी विभाग यादीत राहतोच. मग आम्ही अक्षरक्रम सोडून 'देवळं' सर्वांत वर नेली, कारण पासोड्या विठोबा आणि खुन्या मुरलीधर या देवळांच्या नावांची गोष्ट विचारणारे सर्वांत जास्त.

तयार यादी ट्रान्झियंटमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठवणीत, ठेवायचं काम तू मुद्दाम शेवटी ठेवलंस. आधीच साठवली असती तर पान पळालं असतं, पण मूळ दुखणं तसंच झाकून राहिलं असतं. आता लेख प्रकाशित झाला, दुरुस्त झाला किंवा विभागाचं नाव बदललं की साठवलेली यादी पुसली जाते आणि पुढच्या वाचकासाठी नव्याने बांधली जाते. होस्टिंगचा प्लॅन आहे तोच आहे. कोटेशनवाल्यांना नम्रपणे नकार कळवला.

पैसे तू घेतले नाहीस, त्यावर पुढच्या भेटीत बोलू. तुझ्या मराठीतल्या टिपा कोडमध्ये जागोजाग आहेत. लेखकवार यादी हवी असा निरोप दोघांकडून आला आहे, ती त्या टिपा वाचून आम्हीच करून बघणार आहोत. अडलो तर रविवारी सकाळी फोन येईल, उचल.

तुझी,
काकू