‘हेडर्स आहेत का?’ विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती १२ वरून १३ वर गेल्यावर माझ्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप उठेचना. ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, सगळं पुसून नव्याने टाक. तुम्ही मात्र फोनवर आधी विचारलंत, "नव्या कर्नलचे हेडर्स आहेत का?" (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि हेडर्स म्हणजे त्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधताना लागणाऱ्या फाइल्स.) त्या प्रश्नासाठी हे जाहीर आभार.

कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून कन्सोल उघडायला लावलंत, ‘डीकेएमएस स्टेटस’ वाचून दाखवायला सांगितलंत. डीकेएमएस म्हणजे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारं साधन. ग्राफिक्सचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर, जुन्या ६.१ कर्नलसाठी तयार होतं, नव्या ६.१२ साठी नव्हतंच. कारण हेडर्स जुन्या कर्नलचेच होते आणि त्यांच्याशिवाय डीकेएमएस कंपाइल तरी (म्हणजे कोडपासून मॉड्यूल तयार) कशाच्या आधारावर करणार? ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ टाकलं, आणि मॉड्यूल बांधलं गेलं. हे पॅकेज असलं की पुढच्या कर्नलबरोबर त्याचे हेडर्सही येतात, हेही तेव्हाच सांगितलंत.

पण मला खरं मोलाचं वाटलं ते त्यानंतरचं बोलणं. कर्नलच्या आतले इंटरफेस, म्हणजे ड्रायव्हर ज्यांतून कर्नलशी जोडला जातो ते दुवे, बदलत राहतात आणि ते स्थिर ठेवण्याचं वचन कर्नलचे विकसक जाणूनबुजून देत नाहीत. ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्येच असेल तर इंटरफेस बदलणाराच तोही दुरुस्त करतो. बाहेरच्या ड्रायव्हरला मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल व्हावं लागतं, आणि तेवढ्याचसाठी डेलच्या अभियंत्यांनी डीकेएमएस लिहिलं. इतकी वर्षं लिनक्स वापरून हे मला कुणी असं उलगडून सांगितलं नव्हतं.

मग मॉड्यूल कर्नलमध्ये चढवणारी कमांड, मोडप्रोब, अडली: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. विश्वासार्ह सही नसलेला कोड अडवणारं सिक्युअर बूट बंद करून टाकणं सोपं होतं, पण तुम्ही ते करू दिलं नाहीत. माझ्या मते तेच बरोबर होतं. एका ड्रायव्हरसाठी सगळ्या मशीनचं संरक्षण का काढायचं? ‘मोकयूटिल’ या साधनाने डीकेएमएसची की, म्हणजे ज्या किल्लीने ते मॉड्यूलवर सही करतं ती, नोंदवायला दिली. रीबूटनंतर निळ्या पडद्यावर ‘एन्रोल मॉक’ (मशीनच्या मालकाची की नोंदवा) निवडून मी पासवर्ड टाकेपर्यंत तुम्ही फोन ठेवला नाहीत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं काम त्याच रात्री पुन्हा सुरू झालं.

तुम्ही सांगितलेलं सगळं मी मराठीत लिहून ऑफिसातल्या सहकाऱ्यांना दिलं आहे. एक प्रत तुम्हालाही पाठवते. सवडीने वाचा, आणि सीक्युअर बूटच्या भागात काही राहिलं असेल तर नक्की सांगा.

तुमची ऋणी,
एक डेबियन वापरणारी