वॉल्श नावाचा कोस्ट गार्ड ऑफिसर

बाळा,

परवा फोनवर म्हणालास ना, नेव्हीत झालं नाही म्हणून कोस्ट गार्ड घेतलं, तेव्हा मी गप्प बसलो पण रात्री झोप लागली नाही रे. म्हणून क्वेंटिन वॉल्शबद्दल लिहितोय, निवांत वाच.

अमेरिकन कोस्ट गार्डचा माणूस, 1933 ला त्यांच्या अकॅडमीतून पास झालेला. दुसऱ्या महायुद्धाआधी व्हेल मारणाऱ्या जहाजावर इन्स्पेक्टर होता, नियम पाळतायत का बघायचं, लोक ज्याला साइड ड्युटी म्हणतात तसलं काम. 1944 च्या जूनमध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर अमेरिका आणि तिच्या दोस्तांचं सैन्य जर्मनांशी लढायला उतरलं पण हातात एकही मोठं बंदर नव्हतं, त्यात 19 तारखेला वादळ आलं आणि अमेरिकनांनी समुद्रात उभं केलेलं कृत्रिम बंदर मोडून पडलं. मी 30 वर्षं गोदीत काढलीत, मला विचार, धक्काच नाही तर माल उतरवायचा कुठे आणि पुढे लढणाऱ्या पोरांनी खायचं काय. सगळी भिस्त तिथल्याच, जर्मनांच्या ताब्यातल्या शेरबूर बंदरावर आली.

तिथे घुसून बंदराची हालत बघून यायचं, हे काम वॉल्शकडे. सोबत पन्नासेक माणसं. 26 आणि 27 जूनला गल्ल्यांमधून लढत लढत गेले, नौदलाच्या आर्सेनलमध्ये, म्हणजे तळावर, 400 जर्मनांना शस्त्रं टाकायला लावली. पुढे एका किल्ल्यात अजून जर्मन होते आणि त्यांच्या कैदेत 52 अमेरिकन पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणारे सैनिक. वॉल्श दुसऱ्या एकाच ऑफिसरला घेऊन, पांढरं निशाण धरून आत गेला आणि मागे आपली मोठी फौज आहे असं ठणकावून सांगितलं! 350 जण शरण आले, 52 च्या 52 पोरं सुटली. एक गोळी तिकडून सुटली असती तर काय, हा विचार मी दहादा केला असेन.

याच कामगिरीसाठी त्याला नेव्ही क्रॉस हे अमेरिकन नौदलाचं मोठं शौर्यपदक मिळालं, कोस्ट गार्डवाल्याला, नेव्हीचं. पण मला त्याच्या मूळ कामाचंच जास्त कौतुक, सुरुंग कुठे पेरलेत, आत जहाज शिरेल का, ही माहिती जमवणं. जर्मनांनी क्रेन, धक्के सगळं उडवून दिलं होतं तरी जुलैत तिथे माल उतरायला लागला.

तुझा युनिफॉर्ममधला फोटो आईने हॉलमध्ये लावलाय, खिळा मी ठोकला. रविवारी फोन कर, आणि चार्टवर्कमध्ये काय अडलंय ते सांग, मला गोदीचे नकाशे वाचता येतात, बघू दोघं मिळून.

बाबा