बंदुकांची खुर्ची

लंडन, रविवार

प्रिय प्रकाश,

तुझ्या गेल्या पत्रातलं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. सुदानच्या बातम्या वाचून तू लिहिलंस, ‘यादवी पेटली की परदेशी राजदूत येतात, फोटो काढतात आणि जातात.’ काल ब्रिटिश म्युझियममध्ये एका खुर्चीसमोर उभा होतो, तेव्हा तुझ्याशी भांडावंसं फार वाटलं.

खुर्ची मोझांबिकची. केस्टर नावाच्या कलाकाराने २००१ मध्ये निकामी बंदुका जोडून केलेली. पाठीच्या वरच्या टोकाला रायफलींचे दोन दस्ते आहेत, आणि स्क्रूच्या भोकांमुळे त्यांना हसरे चेहरे फुटल्यासारखे दिसतात. मला तिथून हलवेना. या बंदुका लोकांनी आपणहून आणून दिलेल्या. बिशप दिनिस सेंगुलाने यांनी १९९५ मध्ये योजना काढली होती: बंदूक द्या, बदल्यात कुदळ, सायकल नाहीतर शिलाई मशीन न्या.

घरातली बंदूक माणूस सहजासहजी देत नाही रे. त्याच्या आधी बरंच काही घडावं लागलं.

१९७७ पासून तिथे फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर लढत होते. सुमारे १० लाख माणसं गेली, काही गोळीने, बरीचशी भुकेने. जुलै १९९० मध्ये दोन्ही बाजू रोममध्ये एका जुन्या मठात समोरासमोर बसल्या. घर सांत एजिदियो या कॅथलिक संघटनेचं. हाताशी ना सैन्य, ना तिजोरी. मध्यस्थ चौघे, त्यांतले एक बैराचे आर्चबिशप गोन्साल्विश. रेनामोचे नेते धलाकामा यांच्याच न्दाऊ समाजातले, त्यामुळे त्यांच्याशी मातृभाषेत बोलू शकणारे. बोलणी २७ महिने चालली. ४ ऑक्टोबर १९९२ ला सह्या झाल्या.

आणि खरं काम त्यानंतर सुरू झालं. त्याच सुमारास आफ्रिकेच्या त्याच दक्षिण भागात, अंगोलात, सैन्यं मोडण्याआधीच निवडणूक झाली, हरलेले बंडखोर नेते साविंबी यांनी निकाल नाकारला आणि लढाई पुन्हा पेटली. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी आल्दो आयेल्लो यांनी तो धडा मनावर घेतला. मोझांबिकची निवडणूक वर्षभर पुढे गेली, आधी ७०,०००हून अधिक सैनिक घरी पाठवले गेले. नुसते पाठवले नाहीत, देणगीदार देशांच्या पैशातून त्यांना पुढचे अठरा महिने भत्ता मिळत राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या त्या शांतता मोहिमेत आपल्या लष्कराच्या तुकड्याही होत्या.

रेनामोला राजकीय पक्ष होता यावं म्हणून वेगळा निधीही काढला गेला. जंगलातून आलेल्या माणसांना राजधानी मापुतोत घर हवं, कार्यालय हवं, गाडी हवी. बंडखोरांना पैसे दिले म्हणून ओरड झाली. मला विचारशील तर यासारखा सत्कारणी लागलेला पैसा मी पाहिला नाही. ज्याला मापुतोत बसायला जागा आहे, तो जंगलात कशाला परत जाईल?

ऑक्टोबर १९९४ मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी धलाकामांनी बहिष्कार जाहीर केला. तुला कल्पना करता येते का ती रात्र? राजदूतांनी, शेजारी राष्ट्रप्रमुखांनी त्यांची मनधरणी केली, ते परत आले, मतदान एक दिवस वाढलं. फ्रेलिमोचे राष्ट्राध्यक्ष शिसानो जिंकले, पण २५० पैकी ११२ जागा रेनामोला मिळाल्या. परदेशात गेलेले १७ लाख निर्वासित घरी परतले.

सगळं तिथेच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. रेनामोने आपली काही शस्त्रं लपवून ठेवली होती, २०१३ मध्ये पुन्हा गोळीबार सुरू झाला. पुन्हा मध्यस्थी, २०१९ चा करार, आणि रेनामोचा शेवटचा तळ बंद व्हायला २०२३ उजाडलं. म्हणजे १९९२ च्या सह्यांनंतर ३१ वर्षं. फोटो काढून निघून जाणाऱ्यांचं हे काम नाही, प्रकाश.

खुर्चीचे फोटो काढलेत. येताना छापून आणतो. तुझ्या नववीच्या वर्गाला दाखव, ते दोन चेहरे कोणाला आधी दिसतात बघ, आणि मला लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय