मानकुराद कशाने कुजला, ते आधी ठरवा

संपादक महोदय,

यंदाच्या मे महिन्यात आपल्या गोव्याचे मानकुराद आंबे गवतात पिकत घातले होते. तिसऱ्या दिवशी देठाकडून काळपट, पाणचट डाग उतरू लागला आणि दोन दिवसांत निम्मी फळं मऊ पडली. साल मात्र स्वच्छ, एक ठिपका नाही. फोटो पाठवून सल्ला विचारला, तर उत्तर आलं: करपा आहे, बुरशीनाशक फवारा.

मला हे पटलं नाही. करपा आणणाऱ्या कोलेटोट्रायकम बुरशीचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर कोवळ्या फळावर पडतात, सालीत दबून राहतात आणि फळ पिकू लागलं की काळे खोलगट ठिपके उमटतात. देठाकडून कुजण्यामागे बहुतेकदा लासिओडिप्लोडियासारखी बुरशी असते. ती फांदीच्या आतच मुक्काम करते आणि देठातून फळात शिरते. तिच्यासाठी सालीवर किती फवारणार?

त्यात या नावांच्या पोटातही पुष्कळ जाती आहेत. कोलेटोट्रायकम ग्लोईओस्पोरिऑइड्स या एका नावाखाली निदान 22 जाती असल्याचं 2012 मध्ये संशोधकांनी मांडलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सारख्याच दिसतात, वेगळ्या ओळखायला अनेक जनुकं तपासावी लागतात. आणि कुजक्या गरावर सापडली म्हणून ती बुरशीच रोगाचं कारण, असंही नाही. मेलेल्या गरावर मागाहून येणाऱ्या बुरशा कितीतरी. निरोगी आणि कुजका भाग जिथे भेटतो तिथला तुकडा घेऊन बुरशी शुद्ध वाढवायची, चांगल्या आंब्याला टोचायची, तशीच कूज आली तर त्यातून तीच बुरशी परत मिळवायची. एवढं झाल्यावरच नवा रोग म्हणता येतो. हे काम फोटोवरून होत नाही.

गोव्यात हे करणारी माणसं आहेत. जुन्या गोव्यात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, गोवा विद्यापीठात बुरशींचा संग्रह आहे. पण डिचोली-सत्तरीचा बागायतदार कुजका आंबा घेऊन तिथवर कसा पोचणार? माझी विनंती एवढीच: एप्रिल ते जून विभागीय कृषी कार्यालयांत नमुने घ्यावेत आणि प्रयोगशाळेत पाठवावेत. बागायतदारांनीही पूर्ण सडलेला नव्हे, नुकती कूज लागलेला आंबा देठासकट, प्लास्टिकऐवजी कागदात गुंडाळून द्यावा. रोगाचं निदान काय झालं ते बागायतदाराला लेखी कळवावं आणि वेगळी केलेली बुरशी संग्रहात जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तशीच कूज दिसली तर ताडून पाहता येईल. 2023 मध्ये मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बागेत आम्ही पेढे वाटले होते. त्याच आंब्यासाठी पुढच्या हंगामाआधी एवढी सोय व्हावी.

– एक आंबा बागायतदार, डिचोली