गिंपमध्ये रॉ फोटो उघडेना

संपादक साहेब, स.न.वि.वि.

वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना काढलेले फोटो घरी येऊन लिनक्सच्या कॉम्प्युटरवर गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये टाकले तर एकही उघडेना, मला वाटलं कार्डात खारं पाणी गेलं की काय, दोन रात्री झोप नाही! मग कळलं की गिंप स्वतः रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाईली) उघडतच नाही, २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ते काम डार्कटेबल नाहीतर रॉथेरपी या रॉ उघडणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवतं, आणि माझ्याकडे दोन्ही नव्हते. डार्कटेबल टाकलं तरी रडगाणं चालूच, कारण माझ्या फाईली सीआर३ (कॅनन कॅमेऱ्याचा रॉ प्रकार) च्या आणि ते चालतं डार्कटेबलच्या ३.८ आवृत्तीपासून, माझं जुनं. नवीन घातल्यावर दिसली एकदाची पिल्लं. तुमच्या कॉम्प्युटरच्या पानावर असलं पण छापा की, दर वेळी मोबाईलच काय!

– एक वाचक, दापोली