ऑपरेशन झालं, हाताचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यातून लिहितेय. इथे कापूस फार. माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो झाली, शेक (रेडिएशन) झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना होती म्हणून रान गहाण टाकावं लागलं नाही. त्याबद्दल आभार आधीच मानते, म्हणजे पुढचं वाचताना बाई कृतघ्न वाटायला नको.

माझं म्हणणं जीव वाचल्यानंतरचं आहे.

छातीबरोबर काखेतल्या लसिकेच्या गाठीही काढतात; लसिका म्हणजे अंगातून वाहणारं पाण्यासारखं द्रव. हातातली लसिका ज्या वाटेने परत वर जाते ती वाट त्यात तुटते आणि हात सुजू शकतो. काखेतल्या गाठी काढलेल्या साधारण पाच बायांपैकी एकीला हे होतं. कुणाला काही महिन्यांनी, कुणाला कितीतरी वर्षांनी. मला सुट्टी दिली तेव्हा कागदावर एवढंच होतं: डाव्या हाताने वजन उचलू नये.

वेचणीला जाणाऱ्या बाईने हे कसं पाळावं, साहेब? मजुरी किलोवर मिळते. ओटी भरली की गाठोडं बांधून उचलावंच लागतं. शिवाय वाळलेल्या बोंडाची टोकं बोटं ओरबाडतात. आपल्याकडे ओरखड्याला कोण विचारतं? पण अशा हाताला तेवढंही पुरतं. हात लालबुंद होतो, हुडहुडी भरून ताप येतो, आणि दर वेळी सूज आणखी वाढते.

बरं, तो सल्लाही आता जुना झालाय. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 2009 साली आलेल्या अभ्यासात आधीच हात सुजलेल्या बायांना देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली, तरी सूज वाढली नाही. म्हणजे हात बांधून बसायची गरज नाही, कसा वापरायचा हे कुणीतरी शिकवायला हवं. खांदा आखडण्याआधीचे व्यायाम, कातडीची काळजी, पट्टी बांधण्याची रीत, हे फिजिओथेरपिस्टचं काम. ते मोठ्या शहरात. एसटीचं तिकीट अर्धं झालं खरं, पण बुडालेल्या रोजाचं काय?

परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला वार या हातांसाठी ठेवा. दाब देणारी बाही, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह, मला पदरच्या पैशाने घ्यावी लागली. ती वापरून सैल पडते, पुन्हा घ्यावी लागते. ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच ती धरा, आणि बदलून मिळण्याची सोयही. ज्या बाया झंपरात चिंध्या कोंबून लग्नाकार्याला जातात, त्यांच्यासाठी कृत्रिम स्तनही त्यातच द्या. हे मागायला त्या तुमच्यापर्यंत येणार नाहीत, पुरुष डॉक्टरलाही सांगणार नाहीत.

आणि एक बिनखर्चाचं. नाही, बिनखर्चाचं कसं, आशाताईंना त्याचा मोबदला द्याच. ऑपरेशन झालेल्या बाईच्या घरी गेल्यावर त्यांनी एवढंच विचारावं: त्या हातातली बांगडी घट्ट होतेय का, झंपराची बाही रुततेय का? सूज अशीच आधी कळते, आणि तेव्हा ती आवरता येते. कोपरापर्यंत हात टणक झाल्यावर फार अवघड.

यंदाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे जोरात असेल. त्याआधी निदान परभणीचा वार ठरवा.

आपली,
मानवत तालुक्यातील एक कापूस उत्पादक